राजाची पाटी

२०२५ च्या नोव्हेंबरात, गुरुवारी पहाटे आम्ही खानापुराहून चालत निघालो. थंडी चांगलीच होती. शेतांत भाताची मळणी चाललेली, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. जुन्या गोव्याच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं आणि त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. ह्या दिवसांत आमच्या भागातले ख्रिस्ती लोक लोंढा, रामनगर, अनमोड घाट असे पायी गोव्याला उतरतात. शेजारच्या माळकरी मित्राने आदल्या रात्री येऊन बजावलं होतं, "तळव्याला खोबरेल चोळ आणि नवी चप्पल घालू नकोस." आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या माणसाचा सल्ला, मी तंतोतंत पाळला.

आदल्याच रविवारी ख्रिस्तराजाचा सण झाला होता. मिरवणुकीत मी घसा फुटेपर्यंत "ख्रिस्तराजाचा विजय असो" म्हणून ओरडलो होतो. हा सण तसा जुना नाही. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ साली सुरू केला. पहिलं महायुद्ध होऊन गेलेलं, मोठमोठी सिंहासनं कोसळलेली, इटलीत मुसोलिनी आलेला. अशा वेळी पोपनी सांगितलं की माणसाच्या निष्ठेचा शेवटचा हक्क कुठल्याच सत्तेला देता येत नाही, तो ख्रिस्ताचा आहे. त्याला २०२५ साली शंभर वर्षं झाली.

मी सीमाभागातला माणूस. दर १ नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधतो. माझ्या आजोबांनी बांधली, वडिलांनी बांधली. १९५६ साली आमची गावं म्हैसूर राज्यात गेली, ते दुःख आमच्या घरात अजून ताजं आहे. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून इथे दगड पडलेले मी पाहिले आहेत.

आमच्या घोळक्यात बैलहोंगलकडचे एक अज्जा होते, लेकीकडे खानापुरात राहणारे. चालताना जपमाळ, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची प्रार्थना व्हायची. तिचा एकेक भाग येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाचा, त्याला रहस्य म्हणतात. एक रहस्य मराठीत, एक कोकणीत, एक कन्नडमध्ये. कन्नड मला लहानपणापासून येतं, पण त्यांची पाळी आली की मी गप्प चालायचो. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र ते कळत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

शुक्रवारी लोंढा मागे टाकला. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं. तिसरं रहस्य काट्यांच्या मुकुटाचं, ते अज्जांकडे आलं. ऊन चढलेलं, माझ्या टाचेला फोड आलेला, आणि पुढे अज्जांचा आवाज संथ लागलेला. शिपायांनी काटे गुंफून डोक्यावर ठेवले, जांभळं वस्त्र पांघरलं आणि थट्टेने मुजरा केला. आमच्या राजाचा राज्याभिषेक हा एवढाच.

आणि तेव्हा मला ती पाटी आठवली. रोमन सुभेदार पिलाताने येशूच्या वधस्तंभावर लावलेली. 'नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा.' योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की ती इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य, पण बेळगावच्या माणसाने ते कधी बेळगावच्या कानांनी ऐकलं नव्हतं! त्या पाटीवरूनही भांडण झालं. मुख्य याजक म्हणाले, मजकूर बदला. पिलाताने बदलला नाही. खाली ज्याचा जीव चालला होता, त्याने कुठल्याच भाषेची बाजू घेतली नाही. तिन्ही भाषा वाचणाऱ्यांसाठी तो तिथे टांगलेला होता. लोकांनी एकदा त्याला बळजबरीने राजा करायचं ठरवलं, तर तो एकटाच डोंगरावर निघून गेला होता. मीही त्याला माझ्या बाजूचा राजा करायला निघालो होतो. तोंडाने विजय असो म्हणायचं, आणि त्याच्या आईची प्रार्थना दुसऱ्या भाषेत आली की ओठ मिटायचे.

मराठी मी सोडणार नाही. काळी फीतही पुढच्या १ नोव्हेंबरला दंडावर असेल, कारण आमचं म्हणणं न्यायाचं आहे असं मी मानतो. पण राजा म्हणायचं तर त्याचा हुकूम माझ्या रागावरही चालायला हवा. तो चालत नसेल तर रविवारची माझी घोषणा नुसता आवाज होता.

रामनगरात पडवीत टेकलो तेव्हा अज्जांनी माझी टाच पाहिली आणि कन्नडमध्ये विचारलं, खूप दुखतंय का. मी कन्नडमध्येच उत्तर दिलं. ते चमकले. म्हणाले, "तुमाला येतंय व्हय?" मला मान वर करवेना.

शनिवारी अनमोडचा घाट उतरताना धुकं होतं. कन्नड रहस्य सुरू झालं आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन म्हणू लागलो. दोन ठिकाणी शब्द अडले. अज्जा तेवढ्यापुरते थांबले, हळूच शब्द पुरवला आणि पुढे चालू लागले.