झाडीला वळसा घातला, पॉइंट वाचला, आणि...

परवा अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर हा बोर्डगेम खेळत होतो आणि एका हेक्सवरून (नकाशावरच्या षट्कोनी घरावरून) अर्धा तास वाद झाला. एका हेक्सवरून! फासे हातात तसेच आणि आम्ही दोघं रूलबुकात तोंड घालून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९८५ सालचा गेम आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या तुकड्यांचा, नकाशावरचा एक हेक्स म्हणजे साधारण ४० मीटर. पायदळाच्या स्क्वॉडला, म्हणजे एका छोट्या तुकडीला, एका टर्नमध्ये चालायला ४ पॉइंट मिळतात. मोकळ्या जमिनीला १, झाडीत शिरायला २, आणि मधे भिंत आली की ती ओलांडायचा १ वेगळा.

माझा स्क्वॉड भिंतीच्या अलीकडे होता. भिंत ओलांडून मोकळ्या हेक्समध्ये, पुढे झाडीचा हेक्स, त्यापलीकडे परत मोकळं, तिथे मला पोचायचं होतं. मित्राने बोटावर हिशोब केला: भिंत १, मोकळं १, झाडी २, मोकळं १, झाले ५. "नाही जात, बस तिथेच." मी म्हटलं अरे थांब, मी झाडीत शिरतच नाहीये, कडेकडेने जातोय. बायपास! मग त्या हेक्सचे २ नाही, बाजूच्या मोकळ्या जमिनीचा १ च लागतो, आणि बरोबर ४ होतात.

इथे खरी मजा आहे. नवीन खेळणारे (मीसुद्धा कित्येक महिने) हेक्स म्हणजे एक डबा समजतात, डब्यात झाडी असली की सगळा डबा झाडीचा. या गेममध्ये तसं नाही, झाडी म्हणजे नकाशावर हिरवं जिथे छापलंय तिथेच झाडी. हिरवं आणि हेक्सची कड यांच्यात फट असेल तर पायदळ त्या कडेने सरकू शकतं, हिरवं कडेला टेकलं की तिथून वाट बंद. भिंतीचं अजून वेगळं, ती कुठल्याच हेक्समध्ये नसते, दोन हेक्सच्या मधल्या रेषेवर असते, म्हणून ती 'ओलांडली' तरच पॉइंट जातो, नुसतं तिच्या शेजारी उभं राहायला काही नाही. नियम वाचताना 'शिरणे', 'ओलांडणे' आणि 'कडेने जाणे' हे तीन शब्द वेगळे ठेवले की निम्मे वाद तिथेच मिटतात असं माझं मत आहे.

(वॉरगेम पूर्वी चौकोनांवर खेळायचे. १९६१ मध्ये अॅव्हलॉन हिल या गेम काढणाऱ्या कंपनीने हेक्स आणले, तिरकं चाललं की अंतर गंडायचं ते थांबलं. चौकोनच राहिले असते तर कडेचे हे सगळे लाड कसे चालले असते कोण जाणे.)

तर आमचा प्रश्न उरला एवढाच की त्या हेक्सचं हिरवं कडेला टेकलंय का. मोबाइलने फोटो काढून झूम केला, टॉर्च मारला. केसाएवढी पांढरी फट होती. मित्र म्हणाला छपाई हललीय. मी म्हटलं छपाई हलली असेल पण नकाशा हाच आहे. शेवटी त्याने मान्य केलं, जरा तोंड वाकडं करूनच.

आणि मग त्याने गोळी झाडली.

झाडीत असतो तर त्याच्या फाशावर मला +१ चा, म्हणजे माझ्या फायद्याचा, आडोसा मिळाला असता. कडेने जाणारा माणूस मात्र त्याच्या मशीनगनला सरळ दिसत होता, मधे एक झाड नाही, म्हणजे उघड्यावर पळतोय म्हणून −१ आणि जपून न चालल्याचा अजून −१, दोन्ही त्याच्या फायद्याचे. झाडीत जपून न चालल्याचा −१ धरूनही ० झालं असतं, इथे −२. स्क्वॉड ब्रेक झाला तिथल्या तिथे, म्हणजे हिंमत खचून लढायच्या कामाचा राहिला नाही. अर्धा तास भांडून मी काय मिळवलं तर मरायचा हक्क. आणि वर मूर्खपणा बघा, मागच्याच हेक्समध्ये माझा लीडर (अधिकाऱ्याची सोंगटी) रिकामा बसला होता, त्याला आधीच्या टर्नला पुढे आणून स्क्वॉडबरोबर चालवला असता तर स्क्वॉडला ४ च्या ऐवजी ६ मिळाले असते आणि सरळ झाडीतून ५ मध्ये पलीकडे गेलो असतो, बायपासचं नावसुद्धा काढायला लागलं नसतं.

हा त्रास नको असेल तर मेमॉयर '४४ हा दुसरा, सोपा वॉरगेम आहे. तिथे जंगलात शिरलात की थांबा, त्या टर्नला लढाई पण नाही, विषय संपला. पाच मिनिटात कुणालाही शिकवता येतं. पण मला खरं सांगायचं तर ती फट शोधण्यातच जास्त मजा येते, कारण खरा सैनिकसुद्धा झाडीतून हळू जाऊ की कडेने पळू हाच विचार करत असणार.

आता मी चालताना मोठ्याने बोलतो: "भिंत एक, मोकळं एक, इथे कडेने एक." म्हणजे काउंटर (सोंगटी) हलवून झाल्यावर कोण कुठून गेलं याची भांडणं नकोत.

पुढच्याच टर्नला मित्र म्हणतो, त्याच फटीतून माझा रणगाडा नेतो. रणगाड्याला कडेने जायला पायदळापेक्षा बरीच रुंद जागा लागते, केसाएवढ्या फटीचं काम नाही. मी काही न बोलता परत टॉर्च लावला.