शाँझेलिझे चालायचा तर कमानीकडून खाली

पॅरिसच्या सहलीत शाँझेलिझे या प्रसिद्ध रस्त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा पाऊण तास येतो. वरच्या टोकाच्या आर्क द ट्रायम्फ या विजयकमानीपाशी उतरायचं, फोटो काढायचा, दुकानांच्या कडेने पाच-सातशे मीटर चालायचं, एखाद्या दुकानात शिरून किंमत वाचायची आणि मागे फिरायचं. मग "आपल्याकडच्या मॉलमध्ये हेच ब्रँड मिळतात की" हे वाक्य ठरलेलं. ते खरंही आहे, कारण तेवढ्या तुकड्यात खरोखर दुकानंच आहेत. पण रस्ता तिथे संपत नाही. १९१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असलेला हा रस्ता मधल्या एका चौकापाशी, राँ-प्वाँपाशी, पूर्ण बदलतो. वरच्या भागात दुकानं, खालच्या भागात बाग. आणि यातली बाग आधीची आहे. आंद्रे ल नोत्र या उद्यानरचनाकाराने १६६७ मध्ये त्युइलरी राजवाड्याच्या बागेसमोर झाडांची सरळ रांग आखली, ती या रस्त्याची सुरुवात. दुकानं फार नंतर आली.

म्हणून सल्ला एकच: सकाळी, कमानीकडून खाली काँकोर्द चौकापर्यंत, सगळा रस्ता चाला. नुसतं चालायला अर्धा तास पुरतो, पण कमान आणि बाग धरून साडेतीन-चार तास हाताशी ठेवा. ही दिशा निवडण्याची कारणं साधी आहेत. पायाखाली सौम्य उतार मिळतो. दुकानांची गर्दी वाढण्याआधी तुम्ही त्या भागातून बाहेर पडता आणि पाय दुखायला लागतात तेव्हा बागेतली बाकं समोर असतात. शिवाय कमानीची शाँझेलिझेकडची बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तिच्यावर ऊन असतं. संध्याकाळी याच बाजूने फोटो काढला तर सूर्य कमानीच्या मागे जातो आणि दगडावरचं शिल्पकाम काळं पडतं.

नावाचा उच्चार आधी नीट करून घ्या. 'चॅम्प्स एलिसीज' असं कुणी म्हणत नाही. 'शाँ'च्या फ्रेंच स्पेलिंगमधला शेवटचा 'स' पुढच्या स्वराला 'झ' होऊन चिकटतो, म्हणून शाँझेलिझे. अर्थ ग्रीक पुराणातला: पुण्यवानांना मृत्यूनंतर मिळणारी कुरणं.

मेट्रोची १ नंबरची लाइन या रस्त्याखालूनच धावते. वरून खाली स्टेशनं अशी: शार्ल द गोल–एत्वाल, जॉर्ज सँक, फ्रँकलिन रूझवेल्ट, शाँझेलिझे–क्लेमाँसो आणि काँकोर्द. थकवा आला की पुढच्या जिन्याने खाली उतरता येतं, ही सोय ज्येष्ठांबरोबर असताना फार कामाची. मात्र १४ जुलैचं राष्ट्रीय दिनाचं संचलन, टूर द फ्रान्स सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस, नववर्षाची रात्र अशा वेळी यातली काही स्टेशनं बंद ठेवतात, म्हणून तारीख आधी तपासा. 'नाव्हिगो ईझी' हे मेट्रो तिकिटाचं कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं. एकच कार्ड दोघांनी फाटकावर टेकवलं तर आत सोडत नाही, आणि वैध तिकीट नसताना तपासनीस भेटला तर दंड भरावा लागतो.

एत्वाल स्टेशनात 'शाँझेलिझे' लिहिलेल्या दिशेनेच बाहेर या. वर आल्यावर समोर कमान दिसते, मध्ये गोल रस्ता, आणि तो पायी ओलांडायचा मोह होतो. तो अजिबात ओलांडू नका. तिथे १२ रस्ते येऊन मिळतात, आणि नियम असा की गोलात शिरणाऱ्या गाडीला आधी वाट, आत फिरणाऱ्याने थांबायचं. त्यामुळे गाड्या कुठूनही, केव्हाही वळतात आणि चालणाऱ्यासाठी तिथे सिग्नल नाही. फुटपाथवरूनच एक जिना खाली भुयारी मार्गात जातो, त्याने कमानीखाली पोहोचता येतं. कमानीच्या पायथ्याशी जायला तिकीट लागत नाही, फक्त वर चढायला लागतं. पुष्कळ जण तिकिटाची रांग बघून भुयारातूनच परततात आणि अनामिक सैनिकाची समाधी बघायची राहून जाते.

कमान ५० मीटर उंच आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये काम सुरू करवलं, पूर्ण झाली १८३६ मध्ये. वर जायला २८४ पायऱ्या, त्यातला बराचसा भाग अरुंद गोल जिना. लिफ्ट आहे, पण ती अपंग, वृद्ध, गरोदर अशांसाठी राखीव, आणि कधी कधी बंदही असते. गुडघ्याचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी दारावर विचारा. मोठ्या बॅगा आत घेत नाहीत आणि सामान ठेवायची सोय नाही, त्यामुळे हॉटेल सोडून थेट इथे येऊ नका. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, अर्थात रांगही तशीच.

वर चढणं मला आयफेल टॉवरपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. टॉवरवरून सगळं दिसतं, फक्त टॉवर दिसत नाही. इथून तोही दिसतो, आणि शहर कसं आखलंय तेही कळतं. एका बाजूला शाँझेलिझे सरळ काँकोर्दच्या ओबेलिस्कपर्यंत, म्हणजे उंच दगडी स्तंभापर्यंत, आणि त्यापुढे लूव्र संग्रहालयापर्यंत, तर विरुद्ध बाजूला तीच रेघ ला देफाँस या कार्यालयांच्या भागातल्या, १९८९ मधल्या चौकोनी कमानीपर्यंत. खाली चालणार आहात तो रस्ता आधी वरून पाहिला की अर्धा हिरवा आणि अर्धा दगडी भाग स्पष्ट दिसतो.

उतरल्यावर शाँझेलिझेकडे तोंड केलेले दोन खांब पाहा. शाँझेलिझेवरून कमानीकडे पाहिलं की उजव्या हाताला फ्रांस्वा र्‍यूदचं शिल्प दिसतं, १७९२ मध्ये स्वयंसेवक लढायला निघाले तो प्रसंग. वर ओरडणारी पंखवाली स्त्री आणि खाली तरुण-म्हातारे एकत्र. फ्रेंच लोक याला 'ला मार्सेयेज' म्हणतात.

आता रस्ता. कमानीकडे पाठ केली की डाव्या हाताला सम क्रमांक आणि उजव्या हाताला विषम. क्रमांक काँकोर्दकडून वाढत येतात, म्हणजे तुम्ही चालाल तसे ते कमी होत जातील. सम बाजू उत्तरेची, तिथे दिवसभर ऊन. थंडीत सगळा लोंढा याच बाजूने चालतो. जुलैच्या उकाड्यात मात्र उजवी बाजू धरा, सावली तिथेच मिळते. फुटपाथ वीस मीटरहून जास्त रुंद आहेत. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात कडेचे गाडीरस्ते आणि पार्किंग काढून ही जागा चालणाऱ्यांना दिली गेली आणि झाडांची दुसरी रांग लावली गेली. अजूनही या रस्त्यावरची सगळ्यात चांगली गोष्ट मला फुटपाथच वाटते. आपल्या लक्ष्मी रोडला किंवा दादरला वर्षातून एकदा जरी एवढी मोकळीक मिळाली तरी माणसं वेगळी चालायला लागतील.

कमान मधोमध येईल असा फोटो झेब्रा क्रॉसिंगच्या मधल्या बेटावरून मिळतो. सिग्नल हिरवा असताना बेटावर जा, लाल झाला की तिथेच उभे राहा, पुढच्या हिरव्याला परत या. धोका दोन ठिकाणी असतो: मोबाइलमध्ये बघत एक पाऊल मागे टाकणं, आणि कडेच्या सायकल पट्टीवर न बघता उतरणं. सायकली आणि ई-स्कूटर वेगात आणि आवाज न करता येतात.

या रस्त्याला मराठी माणसाचा एक धागा आहे. १४ जुलै २००९ च्या फ्रेंच राष्ट्रीय दिनाच्या संचलनात सुमारे ४०० भारतीय जवान होते आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. संचलन कमानीकडून काँकोर्दकडेच जातं. म्हणजे उताराच्या याच दिशेने ते चालत गेले.

दुकानांपैकी आत शिरण्यासारखी थोडीच. डावीकडे ६८ क्रमांकावर गर्लाँ हे अत्तरांचं घर, इमारत १९१४ ची. आत जाऊन वास घ्यायला पैसे पडत नाहीत आणि संगमरवराचं काम बघण्यासारखं आहे. ५२ ला गॅलरी लाफायेत, २०१९ मध्ये उघडलेलं. उजवीकडे ९९ ला फुके हे १८९९ पासूनचं रेस्तराँ, १०१ ला लुई व्हिताँ, ७५ ला लाद्युरे, माकारों या गोड बिस्किटांसाठी. कुठल्याही दुकानात पाऊल टाकल्यावर आधी 'बाँझूर', म्हणजे नमस्कार, म्हणा. न बोलता थेट वस्तूला हात लावणं तिथे उद्धट समजतात, आणि पुढची सगळी वागणूक त्या एका शब्दावर ठरते.

खरेदी करायचीच असेल तर तारीख महत्त्वाची. फ्रान्समध्ये मोठे सेल वर्षातून दोनदाच, कायद्याने ठरलेले, चार आठवड्यांचे: हिवाळी सेल साधारण जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो, उन्हाळी जूनच्या शेवटच्या बुधवारी. पहिल्या आठवड्यात मापं मिळतात, शेवटच्या आठवड्यात सूट जास्त पण मापं संपलेली.

करपरतीचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळांचे पैसे बुडतात. एका दुकानात १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली, वय १६ च्या वर असलं आणि तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहत असलात तर 'देताक्स'चा, म्हणजे करपरतीचा, अर्ज मागता येतो. पासपोर्ट मूळ लागतो, झेरॉक्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. कर २० टक्के असला तरी मध्यस्थाचा वाटा जाऊन हातात साधारण १० ते १२ टक्के येतात. अर्ज हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. विमानतळावर 'पाब्लो' नावाच्या यंत्रावर त्याचा बारकोड दाखवावा लागतो, आणि तो सामान चेक-इन करण्याआधी. हिरवी खूण आली तर झालं. लाल आली तर कस्टमच्या खिडकीवर वस्तू दाखवायची, आणि ती वस्तू आधीच विमानाच्या पोटात गेली असेल तर पैसेही गेले.

आपल्या सहलींमध्ये आणखी एक फट असते. पॅरिसनंतर स्वित्झर्लंड आणि झुरिकहून मुंबई, हा नेहमीचा मार्ग. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. त्यामुळे फ्रान्सच्या सीमेवरच, म्हणजे बस सीमा ओलांडते तिथे, कस्टमची खूण घ्यावी लागते. झुरिक विमानतळावर फ्रेंच अर्जाचं काहीही होत नाही. बस तिथे थांबणार आहे का हे सहल व्यवस्थापकाला खरेदीच्या आधी विचारा. शेवटचा देश इटली किंवा जर्मनी असेल तर तिथल्या विमानतळावर खूण मिळते.

रस्त्याकडेला चादर पसरून विकली जाणारी नकली पर्स घेऊ नका. फ्रान्समध्ये नकली माल जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, कस्टमवाले जप्तीबरोबर दंड लावू शकतात.

खिसेकापूंची पद्धत ठरलेली आहे. मेट्रोच्या १ नंबरच्या लाइनवर दाराजवळ उभ्या माणसाचा मोबाइल दार बंद होता होता ओढला जातो, म्हणून दाराजवळ मोबाइल काढूच नका. फुटपाथवर कागदाची पाटी पुढे करून सही मागणारे तरुण येतात; तुम्ही सही करत असता तेव्हा दुसरा पर्सला हात घालतो. जमिनीवरून सोन्याची अंगठी उचलून "तुमची का?" विचारणाराही त्यातलाच. उत्तर द्यायचं नाही, थांबायचं नाही, चालत राहायचं.

खाण्याचे भाव रस्त्यावरच्या खुर्च्यांचे असतात. तीच कॉफी आत काउंटरवर उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, आणि दोन गल्ल्या मागे गेलात तर आणखी. टीपची सक्ती नाही, सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं. पाण्याची बाटली न मागता 'युन काराफ दो' म्हणा, जेवणाबरोबर नळाचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे आणि ते पिण्यायोग्य असतं. शाकाहारींसाठी: माकारोंमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, कीश लोरेन या खाऱ्या पायमध्ये डुकराचं मांस, आणि निष्पाप वाटणाऱ्या कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा अर्क. पूर्ण शाकाहारी जेवण हवं असेल तर गार दु नोर रेल्वे स्थानक आणि ला शापेल भागातल्या तमिळ खाणावळी गाठा.

सार्वजनिक स्वच्छतागृहं मोफत आहेत, राखाडी रंगाच्या स्वयंचलित खोल्या. प्रत्येक वापरानंतर दार बंद होऊन आतून आपोआप धुलाई होते. आधीच्या माणसाने तुमच्यासाठी दार धरून ठेवलं तरी आत शिरू नका. दार लागू द्या, धुलाई संपून हिरवा दिवा लागू द्या, मग बटण दाबा.

राँ-प्वाँ ओलांडलं की गोंगाट मागे पडतो. इथून खाली मारोनिएची, म्हणजे घोड्याच्या चेस्टनटची झाडं. शरदात त्यांची चकचकीत तपकिरी फळं खाली पडतात, ती विषारी असतात. गाडीवर भाजून विकतात ते चेस्टनट वेगळे. मुलं उचलतात, म्हणून लक्ष ठेवा. उजवीकडे ग्राँ पाले आणि प्ती पाले या कलाप्रदर्शनांच्या इमारती, दोन्ही १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या. प्ती पालेचा कायमचा संग्रह मोफत, सोमवारी बंद, आणि आतल्या बागेतली बसायची जागा या सगळ्या रस्त्यात सगळ्यात शांत. डावीकडे मारिन्यीच्या कोपऱ्यावर गुरुवार, शनिवार आणि रविवारी तिकीट संग्राहकांचा बाजार भरतो. जुन्या टपाल तिकिटांचा नाद असेल तर शाँझेलिझेवरची खरी खरेदी इथे आहे.

शेवटी काँकोर्द. लुक्सोरच्या मंदिरातला तीन हजार वर्षांहून जुना ओबेलिस्क इथे १८३६ मध्ये उभा केला. त्याआधी, २१ जानेवारी १७९३ रोजी, याच चौकात राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. रस्त्याच्या तोंडाशी मार्लीचे दोन उधळलेले घोडे आहेत, ते प्रतिकृती, मूळचे लूव्रमध्ये. त्या घोड्यांमध्ये उभं राहून मागे वळून बघा, मघा जिथून उतरलात ती कमान चढाच्या टोकावर लहानशी दिसते. संध्याकाळी वेळ असेल तर १ नंबरच्या मेट्रोने परत एत्वालला जा. समाधीवरची ज्योत १९२३ पासून रोज साडेसहाला नव्याने चेतवतात. भुयारातून सव्वासहापर्यंत पोहोचलात तर पुढच्या रांगेत उभं राहायला मिळतं.