आमची वाटचाल: तंगुसाच्या खणापासून खाजणातल्या होडीपर्यंत

पुण्यात रविवार पेठेतल्या आमच्या दुकानात वडिलांच्या काळी कुलुपं, बिजागऱ्या, खिळे आणि कड्या-कोयंडे मिळायचे. गल्ल्याच्या डाव्या हाताला खाली एक खण होता. त्यात तंगुसाची, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोरीची रिळं, गळांची पाकिटं आणि शिशाच्या गोळ्या असत. खडकवासल्याला किंवा भिगवणला गळ टाकायला जाणारी माणसं तेवढ्यासाठी पेठेत येत, दहा-वीस रुपयांचा माल घेत आणि अर्धा तास बोलत बसत. मी शाळेतून आलो की त्या खणापाशीच उभा असायचो.

२०११ साली दुकान माझ्याकडे आलं तेव्हा त्या खणाचं मी कपाट केलं. मरळीसाठी रबरी बेडूक ठेवले, स्पिनिंग रीळ ठेवली. वडील त्या लूरना, म्हणजे नकली आमिषांना, ‘प्लास्टिकचे मासे’ म्हणत, पण त्यांनी अडवलं नाही. विक्री वाढली. मग लोक समुद्रासाठी सामान मागू लागले आणि तिथे माझं चुकलं. समुद्र मोठा म्हणजे सामानही जाड, असं धरून मी दहा फुटी काठ्या, पन्नास पौंड ताण झेलणारी दोरी आणि साठ ग्रॅमचे लोखंडी चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराचे लूर, विकत राहिलो. खाडीत मी स्वतः एकदाही गळ टाकला नव्हता. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत येत होतं आणि मी त्याला आणखी जाड दोरी देत होतो. त्या वर्षांत ज्यांनी आमच्याकडून ते सामान घेतलं, त्यांची माफी मी आजही मागतो. त्यातल्या बऱ्याच जणांना मी नंतर ते बदलून दिलं.

२०१३च्या हिवाळ्यात दोन गिऱ्हाइकांबरोबर ताम्हिणीतून उतरून माणगाव-मंडणगडमार्गे दापोली तालुक्यात गेलो. तिथे एका खाडीत तात्यांची होडी मिळाली. अठरा फुटी फायबरची होडी, मागे छोटं इंजिन आणि बाजूला एक लांब बांबू. खाजणाच्या, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीच्या, तोंडाशी येताच तात्यांनी इंजिन बंद करून वर उचललं आणि बांबू रोवत होडी पुढे ढकलायला सुरुवात केली. पाणी जेमतेम अडीच फूट. खाली चिखलट वाळू, कडेला चिपी आणि तिवर या खारफुटीच्या झाडांची मुळं, मध्येच कालवं चिकटलेले खडक. मी साठ ग्रॅमचा चमचा फेकला. तो पडल्याबरोबर तिवरांकडेची बोय माशांची पिल्लं एकदम पांगली आणि मग तासभर त्या भागात काहीच हललं नाही. तात्या रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाऊ, दगड मारल्यावर कुत्रंसुद्धा जवळ येत नाय.”

हलक्या सामानाची विक्री आणि खाडीतल्या गळाच्या सहली हा आमचा आजचा व्यवसाय त्या एका वाक्यावर उभा आहे.

उथळ पाण्यात मासा आमिष ओळखायच्या आधी आवाज ओळखतो. म्हणून तिथे सामान हलकं लागतं. आम्ही सात फुटी लवचीक काठी देतो, २५०० किंवा ३००० मापाची रीळ आणि १५ पौंडांची विणलेली बारीक दोरी. दोरी बारीक असली की हलका लूर लांब जातो आणि पाण्याचा ओढ तिला कमी लागतो. पुढे हातभर लांबीचा ३० पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे दोरी आणि लूरमधला मजबूत तुकडा, हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि नुसती विणलेली दोरी त्यावर क्षणात कापली जाते. टोकाला पाच-सात ग्रॅमचं जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ, आणि तीन-चार इंचांचा रबरी मासा. तो पडतो तेव्हा हलकासा ‘टप्’ होतो आणि मग तो सावकाश खाली जातो. बहुतेक वेळा जिताडा त्याला खाली जाताना घेतो. तो चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. हाताला एक जड ठोका लागतो, किंवा नुसती ताणलेली दोरी एकाएकी सैल होते. नवख्या माणसाला ही सैल दोरी ओळखायला शिकवणं सगळ्यात अवघड.

ड्रॅगचंही तसंच. रीळ किती ताणाला दोरी सोडेल ते लोक अंदाजानं लावतात. आम्ही होडीत स्प्रिंगचा ताणकाटा ठेवतो आणि दोन किलोवर ड्रॅग मोजून लावतो. जिताडा उसळी मारून डोकं झटकतो तेव्हा काठीचं टोक खाली करून दोरीला थोडी ढील द्यायची. हलक्या सामानावर चार किलोचा मासा आणायला वेळ लागतो, माणसाला सगळं अंग लावावं लागतं, आणि त्यातच त्याला खाडी कळते.

पण सामानापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची वेळ. तात्या पंचांग बघून भरती काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती चढताना मासे खाजणावर खायला येतात. पाणी उतरू लागलं की लहान कोळंबी आणि बोयांची पिल्लं ओहळांतून बाहेर येतात आणि तांबोशी, जिताडा त्या ओहळांच्या तोंडाशी थांबतात. सगळ्यात चांगला वेळ तो, आणि सगळ्यात फसवा पण तोच.

२०१५मध्ये हा फसवेपणा मी स्वतः अनुभवला. दशमी होती. साडेसातची भरती, म्हणजे पावणेदोनला पूर्ण ओहोटी. अकराच्या सुमारास ओहळाच्या तोंडाशी मासा लागायला लागला होता. तात्या म्हणाले, “निघू या.” मी म्हटलं, “दहा मिनिटं.” होडीत तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनी पैसे दिले होते, आणि सकाळपासून हातात काही नव्हतं. ओहोटीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी उतरून जातं, हे मला तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. दहा मिनिटांत होडीचा तळ चिखलाला टेकला. ढकलायला उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो. पाणी परत येऊन होडी उठायला साडेचार वाजले. साडेपाच तास उन्हात, सावलीला एक ताडपत्री, प्यायला चार बाटल्या पाणी. एका गिऱ्हाइकाला मधुमेह होता, आणि ते मला तिथे चिखलात कळलं. तात्यांच्या डब्यातली भाकरी आणि गूळ होता म्हणून निभावलं. त्या दिवशीचे पैसे मी परत केले. तेव्हापासून होडीवर शब्द चालतो तो नावाड्याचाच. बुकिंग घेताना प्रकृतीची विचारणा होते, माणशी तीन लिटर पाणी आणि लाइफ जॅकेट असतं, आणि प्रवासी नेण्यासाठी लागणारी महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी व परवाना आम्ही रीतसर काढला. त्यात जवळजवळ एक हंगाम गेला. जायलाच हवा होता.

मासा सोडण्यावरून तात्यांचा आणि माझा बरेच दिवस वाद होता. मला सोडायचा असे, त्यांना ते अन्नाचा अपमान वाटे. एकदा मी त्यांना सांगितलं की जिताडा नर म्हणून वाढतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “म्हणूनच. गाबोळी कायम मोठ्यातच बघितली.” इतक्या वर्षांचं त्यांचं निरीक्षण आणि माझी वाचलेली माहिती तिथे जुळली. तेव्हा नियम ठरला: अडीच फुटांच्या वरचा जिताडा सोडायचा, दीड फुटाच्या आतला सोडायचा, मधला दर होडीला एकच ठेवायचा. पण मोठ्या माशालाच बाजारात जास्त पैसे येतात आणि तो सोडणं तात्यांच्या खिशातून जातं. म्हणून सोडलेल्या प्रत्येक मोठ्या माशाचे पैसे त्या दिवशीच्या बाजारभावानं आम्ही त्यांना देतो. ही रक्कम सहलीच्या दरात धरलेली आहे. कुणी दर जास्त का असं विचारलं की मी हेच सांगतो. लूरचे तिहेरी गळही आम्ही काढून एकेरी लावतो, म्हणजे मासा लवकर सुटतो. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे धरून सोडायचा. फोटो एकच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला आलं. टाळेबंदीमुळे सहली मार्चपासूनच बंद होत्या. दापोलीच्या किनारपट्टीवरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या तात्यांच्या होडीवर माड पडला. आठवडाभर फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ते होडीबद्दल काही बोलले नाहीत, दुकान चालू आहे का ते विचारलं. मी जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं की पुढच्या हंगामाच्या सहलीचे पैसे आत्ता द्याल का. एकेचाळीस जणांनी दिले. त्यातल्या नऊ जणांनी नंतर सहल घेतलीच नाही आणि पैसेही मागितले नाहीत. त्या पैशांतून होडीचा तळ नवा झाला.

त्याच काळात दुकानात रीळ दुरुस्तीचं टेबल सुरू केलं आणि आज दुकानाचा खर्च त्यावरच निघतो. खारं पाणी बेअरिंग खातं. लोक घरी आल्यावर रीळ नळाच्या धारेखाली धरतात, त्यानं मीठ उलट आत जातं. ओल्या फडक्यानं पुसावी, ड्रॅग आवळून वरून हलकं गोडं पाणी सोडावं, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवावी. नऱ्ह्याच्या शेडमध्ये आम्ही जिगहेड स्वतः ओततो. दोन ताई रंगाचं काम बघतात. पांढरा आणि कोळंबीच्या रंगाचा माल सगळ्यात आधी संपतो, गढूळ पाण्यासाठी सोनेरी ठेवतो.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत आमची होडी खाडीत जात नाही. पावसाळ्यात जिताडा खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो, तेव्हा त्याच्या मागे लागायचं नाही. यंदा त्या दिवसांत होडीवर एकच काम केलं. तात्यांचे गुडघे आता दुखतात. त्यांची पुतणी गेल्या दिवाळीपासून होडी चालवते आहे आणि पंचांगही तीच बघते. तात्यांच्या उंचीचा बांबू तिला जड जात होता. तो फूटभर कापून आम्ही टोकाला नवी लाकडी चकती बसवली, म्हणजे चिखलात रुतणार नाही.