दोनची पाळी

सोलापूर-बार्शी रस्ता मला पाठ होता, पण एस.टी.च्या खिडकीतून. ह्यांच्या आजारपणात अकरा महिने आम्ही त्याच रस्त्याने गेलो-आलो. मांडीवर रिपोर्टांची फाइल, पायाशी डब्याची पिशवी, आणि ह्यांना उलटी झालीच तर हाताशी असावी म्हणून घडी करून ठेवलेली एक रिकामी पिशवी. वडाळा आलं की दोन घोट पाणी द्यायचं. वैरागला गाडी थांबली की खाली उतरवून पाय मोकळे करायला लावायचे. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या माणसांनी आम्हाला फार मायेनं सांभाळलं, ते मी विसरणार नाही. पण हे गेल्यानंतर दोन वर्षं मी त्या रस्त्याकडे फिरकले नाही.

म्हणून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीनं बार्शीपर्यंत पायी जायचं ठरवलं तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं. सुमारे 70 किलोमीटर. गुरुवारी पहाटे निघायचं, शनिवारी पोचायचं, रविवारची उपासना तिथल्या मंडळीबरोबर करायची. दुसऱ्याच दिवशी महिला मंडळातल्या मावशी घरी आल्या. वय 71, आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेलं. म्हणाल्या, "तू आली नाहीस तर माझी पिशवी कोण धरील?" मग जाणं भागच होतं. (सबंध वाटेत त्यांनी त्या पिशवीला कुणाला हात लावू दिला नाही.)

आमच्या सोलापुरात पायी निघालेली माणसं नवीन नाहीत. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना शहरात मुक्कामाला असते. लहानपणी ती बघायला मी वडिलांचं बोट धरून उभी राहायची. टाळ-पेटी तर आमच्याही भजनात आहेच. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, ते ख्रिस्ती झाले, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तेव्हा आम्ही तेवीसजण पहाटे साडेचारला भजन म्हणत बार्शी रस्त्याला लागलो, त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. वेगळं वाटलं ते एवढंच, की या रस्त्यावर शेजारच्या सीटवर हे नव्हते.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, वाटेसाठी आरोहणस्तोत्रं काढली होती. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत 120 पासून 134 पर्यंतची ही पंधरा स्तोत्रं. यरुशलेम डोंगरावर वसलेलं, त्यामुळे सणाला तिकडे जायचं म्हणजे चढूनच जायचं. ती चढण चढताना यात्रेकरू ही स्तोत्रं गात असत, असं मानतात. एकट्यादुकट्यानं कुणी जायचं नाही, गावंच्या गावं निघायची. येशू बारा वर्षांचा असताना वल्हांडणाच्या सणाहून परतताना मागे राहिला, तर तो सोबतच्या लोकांतच असेल असं समजून त्याचे आईवडील मरीया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले, ते काही उगीच नाही. पंधरा स्तोत्रं, तीन दिवस, रोज पाच. थांबायचं, एकानं वाचायचं, मग त्यावर न बोलता पुढे चालायचं. न बोलण्याचा नियम मला फार आवडला. आपल्याकडे वचन वाचून संपायच्या आत कुणीतरी ते समजावून सांगायला लागतं.

दुसरंच स्तोत्र 121 वं. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. तरुण संघातल्या मुलानं मोठ्यानं वाचलं आणि माझे पाय जड झाले.

का, ते सांगायला हवं. शेवटच्या दिवसांत ह्यांना वेदनेची गोळी चार-चार तासांनी द्यायची होती. रात्री दहा, दोन, पहाटे सहा. दोनला उठायचं म्हणून मी गजर लावून, उशाशी पाणी भरून, अंगावरच्या साडीनिशी पडायची. एकदाही चुकले नाही. शेवटच्या रात्री चुकले. गजर वाजला असेल, मला ऐकू आला नाही. जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि ह्यांचा हात गार पडला होता. डॉक्टर म्हणाले, त्या गोळीनं काही बदललं नसतं. माझ्या बहिणी म्हणाल्या, मुलगा म्हणाला. पण तेव्हापासून रोज रात्री दोनला मला जाग येते, आणि मग सहापर्यंत डोळा लागत नाही. लोक म्हणतात विसावा घे. प्रभू म्हणतो, कष्टी आणि भाराक्रांत जनांनो माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन. मी रोज जात होते त्याच्याकडे, दोन वाजताच. पण झोपलेल्या माणसानं विसावा मागायचा तरी कोणत्या तोंडानं?

पहिल्या दिवशी उन्हानं सगळ्यांची परीक्षा पाहिली. अकरानंतर डांबर तापतं, मग चपलेतूनही चटका बसतो. वडाळ्याच्या अलीकडे एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. गळ्यात तुळशीची माळ घातलेले आजोबा बाहेर आले. "कुठली दिंडी म्हणायची ही?" पाळकसाहेबांनी सांगितलं, आम्ही ख्रिस्ती, बार्शीच्या चर्चला निघालोय. आजोबांनी मान डोलावली. "चालत निघालाव नव्हं? मग बसा. पायाला पाणी तापवायला सांगतो." त्यांच्या सुनांनी ताक दिलं. आमच्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही त्यांच्या पोरांना दिली. निघताना आजोबांनी पाळकसाहेबांना नमस्कार केला, पाळकसाहेबांनी वाकून आजोबांच्या पायाला हात लावला.

त्या रात्री वडाळ्यात मुक्काम होता. दोनला जाग आलीच. मी सहापर्यंत पत्र्याकडे बघत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारीची काढणी चालली होती. आमच्याकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. हाताला घट्टे पाडणारं काम. बायका ओळीनं आपापली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, धरून पुढे सरकत होत्या. आम्ही 126 वं स्तोत्र वाचलं ते एका बांधावर उभं राहून: अश्रू ढाळत पेरणारे हर्षानं कापणी करतील. एक बाई मागे पडली होती, गरोदर असावी. तिच्या दोन्ही बाजूच्या बायकांनी न बोलता तिच्या पातीतल्या ताटांच्या दोन-दोन ओळी आपल्याकडे ओढून घेतल्या. तिची पात अरुंद झाली आणि थोड्या वेळानं ती सगळ्यांच्या ओळीत आली. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. मी किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक, मावशींनी कोपराला धरून चालायला लावलं.

पुढचं स्तोत्र 127 वं. पहाटे उठून, उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे. परमेश्वर आपल्या प्रियजनाला झोपेतही देतो. नियम न बोलण्याचा होता, पण राळेरासच्या पुढे मी तो मोडला. मावशींना सगळं सांगितलं. गजर, गोळी, गार हात. मंडळीत आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. विधवा म्हणून सगळ्यांनी माझ्यावर माया केली. पण ह्यांच्या शेवटच्या घटकेला मी झोपले होते, हे कुणाला माहीत नव्हतं.

मावशी बराच वेळ चालत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "प्रभूला धरलं त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत शिष्य का झोपले गं?"

मी म्हटलं, देह अशक्त होता म्हणून.

"ते मत्तयाच्या शुभवर्तमानात. लूकनं आपल्यात काय लिहिलंय? दुःखामुळे झोपी गेले. आळसानं नाही, प्रेम कमी होतं म्हणून नाही. दुःखानं माणूस झोपतो, मी वॉर्डात किती बघितलंय. रात्र-रात्र जागलेली आई नेमकी त्या घटकेला भिंतीला टेकून झोपलेली असायची. तिला मला उठवावं लागायचं." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि प्रभूनं त्या झोपलेल्यांना टाकलं का? पुनरुत्थानानंतर त्यांच्यासाठीच मासे भाजत बसला होता ना समुद्राकाठी?"

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. मागचे लोक थांबले. कुणी काही विचारलं नाही. एका मुलानं छत्री धरली, कुणीतरी माझी पिशवी उचलली, ती मला बार्शीपर्यंत परत मिळाली नाही.

वैरागला एका ख्रिस्ती कुटुंबानं आम्हाला ठेवून घेतलं. जेवणं झाल्यावर पायाच्या फोडांना तेल लावत बसलो होतो तेव्हा पाळकसाहेबांनी साखळी प्रार्थनेचा कागद काढला. रात्रभर तासातासाला एकेकानं जागून प्रार्थना करायची, आपला तास संपला की पुढच्याला हळूच उठवायचं. मी सवयीनं म्हटलं, दोनची पाळी मला द्या, मी जागीच असते.

"नाही," मावशी म्हणाल्या. "दोनची माझी. जन्मभर नाइट ड्युटी केलीय मी. तू झोप."

त्यांनी आपलं अंथरूण माझ्या शेजारी ओढलं. सोलापुरी चादर माझ्या खांद्यापर्यंत घातली, लहान मुलाला घालतात तशी. दिवा गेला. मी वाट बघत पडले, दोन वाजण्याची. कागदावर पाळीपाळीनं लिहिलेली नावं डोळ्यांपुढून जात होती. दहा, अकरा, बारा. यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली ती चुलीच्या धुरानं. स्वयंपाकघरात बायका भाकऱ्या थापत होत्या. सहा वाजून गेले होते. मावशी भिंतीला टेकून, मांडीवर बायबल उघडं ठेवून झोपल्या होत्या. त्यांचा एक हात माझ्या पांघरुणावर होता.

तिसऱ्या दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही. पाय दुखत होते, पण चालत होते. पानगाव मागे पडलं. 130 व्या स्तोत्रातले पहारेकरी पहाटेची वाट बघत होते, ते वाचताना माझा आवाज कापला नाही. बार्शीच्या मंडळीतल्या लोकांनी वेशीवर येऊन पेटी वाजवत आम्हाला आत नेलं. हॉस्पिटलच्या रस्त्याला वळण आलं तेव्हा मी थोडी मागे राहिले, पाच मिनिटं उभी राहिले आणि मग चालून गेले.

आमच्यात एक पोरगी होती, बावीस-तेवीस वर्षांची. वडिलांना त्याच आठवड्यात तिथं दाखल केलेलं, म्हणून ती चालत आली होती. संध्याकाळी वॉर्डातून परतली ती न जेवता कोपऱ्यात बसली. रात्री साखळीचा कागद फिरला तेव्हा तिनं पेन उचललं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि दोनपुढे माझं नाव लिहिलं.

एक वाजताच्या माणसानं मला उठवलं तेव्हा मी गाढ झोपेत होते. तोंडावर पाणी मारून येऊन बसले, 134 वं स्तोत्र काढलं. रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्यांसाठीचं ते स्तोत्र, पंधरातलं शेवटचं, तीनच वचनांचं. पोरगी चुळबुळत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून वाचत राहिले.