युडोराच्या जुन्या पेट्या : तिसरी नोंद

जुन्या हार्डडिस्कवरून उतरवलेले युडोरा या जुन्या ईमेल प्रोग्रॅमचे फोल्डर अखेर विंडोज १० वर उघडले आणि १९९९ ते २०१२ या काळातील माझा सगळा पत्रव्यवहार जागच्या जागी दिसला. आवृत्ती ७.१.०.९, म्हणजे विंडोजसाठी निघालेली शेवटची. या नोंदीत त्या पत्रांचे साध्या एमबॉक्स (एकाच मजकूर-फाइलीत एकामागोमाग पत्रे ठेवणाऱ्या) स्वरूपात रूपांतर करण्याचे काम कुठवर आले ते मांडतो. नवीन ईमेल पाठवणे आणि घेणे हा माझा हेतू नाही. ज्यांना ते हवे आहे ते मध्ये एस-टनेल हा जोडणी सुरक्षित करणारा प्रोग्रॅम बसवून आजच्या सर्व्हरशी जोडणी करतात, कारण युडोराबरोबर आलेली सुरक्षा-लायब्ररी आता फार जुनी झाली आहे.

स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९१ मध्ये क्वालकॉम या कंपनीकडे गेला. ऑक्टोबर २००६ मध्ये क्वालकॉमने त्याचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढे मोझिलाच्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या पायावर उभे केलेले ‘युडोरा ओएसई’ २०१० मध्ये आले; पण ते नावाने युडोरा आणि वागण्याने थंडरबर्ड असल्यामुळे जुन्या वापरकर्त्यांपैकी अनेकांनी ते थोडे हाताळून बाजूला ठेवले, आणि मीही त्यांतलाच एक. मॅकवाल्यांची कोंडी अधिक होती. त्यांचे युडोरा जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले होते आणि २०११ च्या लायन या मॅक प्रणालीच्या आवृत्तीतून असे प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर चालवणारे रोझेटा काढून टाकल्यावर ते चालेनासे झाले, त्यामुळे केवळ ईमेलसाठी आधीची स्नो लेपर्ड आवृत्ती न सोडणारे लोक होते. या चिकटून राहण्याला हळवेपणा म्हणणे मला पटत नाही. पत्रांची प्रत्येक पेटी ही नोटपॅडमध्ये उघडता येणारी साधी मजकूर-फाइल आणि आलेले प्रत्येक अटॅचमेंट वेगळ्या फोल्डरमध्ये उघड्यावर, ही सोय ज्याने दहा वर्षे भोगली त्याला बंदिस्त डेटाबेस रुचणे अवघडच होते.

अर्थात याच सोयीने आता मला कामाला लावले आहे. युडोरा पत्र घेतानाच अटॅचमेंट मजकुरातून सोडवून बाहेर ठेवते आणि पत्राच्या शेवटी फक्त त्या फाइलचा पत्ता लिहिते. माझ्या पत्रांत हे पत्ते कधीच फेकून दिलेल्या संगणकाच्या सी ड्राइव्हचे आहेत. ते बदलून फाइल पुन्हा पत्रात गुंफणारी छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. एकाच नावाच्या फाइलींना युडोराने पुढे आकडे जोडलेले असल्याने जोड्या बहुतेक ठिकाणी अचूक जुळल्या. पत्र वाचले होते की नाही, उत्तर दिले होते की नाही, या खुणा मात्र पेटीत नसून सोबतच्या टीओसी (अनुक्रमणिकेच्या) फाइलीत असतात, हे ध्यानात न घेता मी पहिल्या फेरीत त्या फाइली वगळल्या आणि सगळी पत्रे न वाचलेली म्हणून उगवली. एचटीएमएल पत्रांभोवतीच्या ‘एक्स-एचटीएमएल’ या युडोराच्या खास खुणाही काढाव्या लागल्या. (अशी पत्रे युडोरा हवे तर इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनाकडून दाखवून घेते. त्या ब्राउझरलाही जून २०२२ मध्ये निवृत्ती मिळाली, तेव्हा सध्या एका निवृत्ताच्या खांद्यावर दुसरा उभा आहे.)

सर्वांत जास्त वेळ मराठीने घेतला. युडोराला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत, धड कधी जमले नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रीतीत तीन बाइटांचे असते आणि युडोरा ते तीन बाइट तीन रोमन चिन्हे म्हणून दाखवते, त्यामुळे पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ (à) आणि येनच्या चिन्हांच्या रांगा दिसतात. फाइलीतले बाइट शाबूत होते. घोळ मी केला. इंग्रजी पत्रांतील वळणदार अवतरणचिन्हे टिकावीत म्हणून मी सगळी पेटी विंडोज-१२५२ या रोमन लिपीच्या जुन्या संकेतनाने वाचली आणि न जुळणारे बाइट दुर्लक्षित करण्याची सूचना स्क्रिप्टला दिली. त्या संकेतनात पाच बाइटांना अर्थच नेमलेला नाही, आणि नेमके तेच पाच हलन्त, पहिला उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ यांच्या शेपटाशी येतात. ‘पुण्याहून’ या शब्दातला ‘हू’ नीट राहिला, पण ‘पु’चा उकार आणि ‘ण्या’तले हलन्त गेले. आधी मला मूळ फाइलच खराब झाली असावी असे वाटले. परंतु दुसरा उकार सगळीकडे टिकतो आणि पहिला सगळीकडे जातो, हे लक्षात आल्यावर दोष माझ्याच ओळीत सापडला. आता स्क्रिप्ट पेटी बाइटांच्या रूपात वाचते, प्रत्येक पत्र स्वतंत्रपणे यूटीएफ-८ म्हणून काटेकोरपणे तपासते, आणि तिथे अडले तरच १२५२ कडे वळते. जोडाक्षरे परत आली.

२००३ च्या आधीची पत्रे या चाळणीतून निर्विघ्न जातात, पण त्याचा उपयोग नाही, कारण ती शिवाजी किंवा किरण यांसारख्या युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत लिहिलेली आहेत आणि संगणकाच्या लेखी तो निव्वळ रोमन मजकूर आहे. एचटीएमएल पत्रांत फॉन्टचे नाव मजकुरासोबत असल्याने ती वेगळी काढता आली. साध्या पत्रांत तसा काहीच मागमूस नाही. पाठवणाऱ्याच्या सवयीवरून फॉन्ट ओळखावा लागतो, आणि माझे एक काका दर सहा महिन्यांनी फॉन्ट बदलत असत. त्यांच्या पत्रांसाठी अक्षरांच्या वारंवारतेवरून फॉन्ट ओळखणारा तक्ता बनवतो आहे. शिवाजीचा झाला, किरणचा अर्धा आहे.