एमबीएचा कन्सल्टंट, आण्णांचे माग आणि वजनकाटा : माझा अनुभव

गेल्या सहा महिन्यांत सात-आठ जणांनी फोन करून एकच विचारलं, एमबीएच्या प्रवेशाला कन्सल्टंट, म्हणजे पैसे घेऊन कॉलेज निवडायला आणि फॉर्म-निबंधांना मदत करणारा, लावू का नको. दरवेळी मी अर्धा तास बोलते आणि शेवटी समोरचा म्हणतो, "म्हणजे लावू ना?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी इचलकरंजीची, इंजिनिअरिंग सांगलीला, मग चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पाच वर्षं सप्लायर क्वालिटीत. म्हणजे वेंडरचा माल खराब निघून लाइन थांबली की सगळे जिच्या नावाने शंख करतात ती मी. २०२४ मध्ये जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, दिली, तोपर्यंत जुनी परीक्षा बंद होऊन फोकस एडिशन आली होती, तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं, स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये. मला ६४५ आले. मामेभावाने २०१७ ला ७२० आणलेले, त्यामुळे मामीला वाटलं पोरगी ७५ मार्कांनी मागे पडली. नव्या स्केलवरचे ६४५ जुन्या साधारण ७०० च्या तोडीचे असतात हे मी तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

कन्सल्टंटचा पहिला कॉल फुकट होता आणि भारी झाला. बोलणारा माणूस स्वतः बाहेर एमबीए करून आलेला, पाऊण तास त्याने माझं काम काय ते नीट विचारून घेतलं, मला तर वाटलं इतकं कधी कुणी ऐकलंच नव्हतं. मग आकडा आला. तीन कॉलेजचं पॅकेज २ लाख १० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,४७,८००, अर्धे आत्ता आणि अर्धे पहिल्या निबंधाच्या आधी. आण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला तर पलीकडे जरा वेळ शांतता, मग म्हणाले, "जीएसटीचं इनपुट मिळतंय का बघ." नाही मिळत आण्णा, भरलेल्या कराची वजावट मिळायला मी काय कंपनी आहे का.

पैसे भरले आणि दुसऱ्या आठवड्यात कळलं की कॉलवरचा तो माणूस फक्त कॉललाच असतो. मला मिळाल्या एक एडिटर मॅडम, ज्यांच्याकडे एकाच वेळी किती मुलं होती देव जाणे, कारण दोनदा त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या तरी बँकेतल्या नोकरीबद्दल प्रश्न विचारले. कुणाला लावायचा असेल तर पैसे भरायच्या आधी एवढं तरी विचारा की माझा निबंध नक्की कोण वाचणार आणि त्या माणसाशी दहा मिनिटं बोलून घ्या.

आता त्यांनी जे चांगलं केलं ते पण सांगते, नाहीतर नुसती रड होईल. एक म्हणजे कॉलेजं. माझ्या डोक्यात अमेरिका होती, दोन वर्षं, डॉलरमधे कर्ज. त्यांनी सरळ कागदावर मांडून दाखवलं की पाच वर्षं अनुभव असलेल्या मुलीला दोन वर्षं पगार सोडून बसायची गरज आहे का, आणि मग यादी झाली आपल्याकडचं आयएसबी एक वर्षाचं, फ्रान्स-सिंगापूरचं इन्सीड दहा महिन्यांचं, एचईसी पॅरिस सोळा महिन्यांचं. दुसरं, रेझ्युमे. माझा तीन पानी होता, सगळीकडे 'जबाबदारी पार पाडली'. मॅडमनी प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न लिहून पाठवला, "तू नसतीस तर काय झालं असतं?" बावीस ओळींवर तोच प्रश्न. मला आधी राग आला, मग चौदा ओळींना उत्तरच नव्हतं म्हणून त्या उडवल्या आणि रेझ्युमे एका पानावर आला. ह्या एका प्रश्नाचे पन्नास हजार धरायला मी आजही तयार आहे.

तिसरं, रेकमेंडेशन, म्हणजे शिफारसपत्र. ऑफिसातल्या सरांना विचारलं तर आपल्याकडे सगळे म्हणतात तेच म्हणाले, "तू लिहून आण, मी टाकतो." मॅडमनी मोडता घातला. फॉर्मची लिंक थेट सरांच्या ऑफिसच्या मेलवर जाते, त्यात बऱ्याच कॉलेजांचा एक प्रश्न असतो की तुम्ही ह्या व्यक्तीला सुधारणेसाठी सगळ्यात महत्त्वाचं काय सांगितलंत आणि तिने पुढे काय केलं, आणि तिथे स्वतःच लिहिलेलं लगेच कळतं म्हणे, कारण कुणीच स्वतःबद्दल खरी वाईट गोष्ट लिहीत नाही. मग मी सरांना फक्त पाच प्रसंगांची आठवण लिहून दिली, तारखांसकट, बाकी त्यांनी एका रविवारी बसून केलं. काय लिहिलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

आणि मग निबंध.

इन्सीडचा एक निबंध असतो ५०० शब्दांचा, स्वतःचं मोकळेपणाने वर्णन करा, गुण, दोष आणि तुम्हाला घडवणाऱ्या गोष्टी. मी कॉलवर बोलताबोलता सांगितलं होतं की आमच्याकडे आठ साधे माग होते, आण्णा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणायची मजुरी आमची, आणि २०१९ मध्ये परवडेना म्हणून माग भंगारात दिले. मॅडमचे डोळे चमकले, व्हिडिओ कॉलवरसुद्धा दिसलं मला. चार दिवसांनी 'एडिट' होऊन आला त्या मसुद्यात माझे वडील गेटला टेकून रडत होते, मी कंदिलात अभ्यास करत होते आणि आईचं मंगळसूत्र गहाण पडलं होतं. इंग्रजी इतकं सुंदर की मला दोन मिनिटं वाटलं असंच झालं असेल.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आण्णा म्हणाले वाचून दाखव की काय लिहिलंयस ते. मी मराठीत सांगत गेले. ते सुपारी कातरत होते, कंदिलापाशी थांबले. "हे कवा झालं गं?" मी म्हटलं, असं लिहावं लागतं आण्णा. "आपल्याकडं कंदील हुता?" आतून आई म्हणाली, "आणि माझं मंगळसूत्र कुणी ठेवलं गहाण?" आता ह्यावर काय बोलणार.

मग त्यांनीच सांगितलं त्या दिवशी काय झालं होतं ते, आणि मला ते अर्धवटच माहीत होतं, मी तेव्हा सांगलीला हॉस्टेलवर. भंगारवाल्याने रिकाम्या गाडीचं वजन केलं तेव्हा ड्रायव्हर आणि क्लीनर दोघं केबिनमध्ये बसलेले. माग भरून गाडी परत काट्यावर आली तेव्हा दोघं उतरून चहाला गेले. म्हणजे दोन माणसांचं वजन आपल्या लोखंडातून वजा. आण्णा गाडीतच बसून आले होते, त्यांनी काट्यावरच्या पोराला सांगितलं चिठ्ठी फाडू नको, टपरीवर जाऊन दोघांना घेऊन आले, केबिनमध्ये बसवलं आणि काटा पुन्हा करायला लावला, आणि स्वतः खाली उतरून उभे राहिले, कारण रिकाम्या गाडीत ते नव्हते. सव्वाशे किलोचा फरक निघाला. रडले का विचारलं तर म्हणाले, "रडायला येळ कुठं हुता. घरी आल्यावर जरा कसनुसं झालं, खटखट बंद झाली ना, झोप लागंना."

त्या रात्री मी हा प्रसंग आधी मराठीत लिहिला, वहीत, चार पानं. मग इंग्रजी केलं, मोडकंतोडकं पण माझं. मॅडमना पाठवला तर उत्तर आलं की भावनिक उंची कमी पडतेय आणि वजनकाटा परदेशातल्या वाचणाऱ्याला कळणार नाही. मी म्हटलं व्याकरण तेवढं बघा, बाकी हात लावू नका. ह्यावर तीन मेल झाले, शेवटी त्यांनी 'क्लायंटच्या आग्रहावरून' असं लिहून फाइल परत केली. फॉर्मच्या शेवटी आपण टिक करतो ना की हे सगळं माझंच आणि खरं आहे, तिथे हात थरथरला नाही एवढं झालं.

डेडलाइन जवळ आल्या तसं ४८ तासांत उत्तर द्यायचं वचन पाच दिवसांवर गेलं, तिसरा फॉर्म भरायची ताकदच उरली नाही, एचईसी सोडूनच दिलं. त्याचे पैसे परत नाहीत, तसं करारात बारीक अक्षरात होतं आणि मी, दिवसभर वेंडरचे करार वाचणारी, वाचलं नव्हतं.

इन्सीडचा फॉर्म भरल्यावर कॅमेऱ्यासमोर उत्तरं द्यायची असतात, प्रश्न दिसतो, विचाराला पाऊण मिनिट, बोलायला एक मिनिट, पुन्हा घेता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला खाली रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला, तो तसाच रेकॉर्ड झाला. तरी पुढे बोलावलं. त्यांच्याकडे मुलाखत माजी विद्यार्थी घेतात, दोन वेगवेगळे, आपल्याच भागात राहणारे. एकाने काट्याबद्दल एक शब्द विचारला नाही, सगळा वेळ 'आत्ताच नोकरी का सोडतेस' ह्यावर. दुसऱ्या बाईंनी मात्र विचारलं, सव्वाशे किलोचे पैसे किती झाले? मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. इन्सीडची वेटलिस्ट लागली आणि तिथेच संपलं. आयएसबीला झालं, आता हैदराबादला आहे.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी कन्सल्टंटकडून मेल आला, अभिनंदन, तुमचा फोटो आणि दोन ओळी अनुभव पाठवा. खाली लिहिलेलं, तुमचा वेळ वाचावा म्हणून मजकूर तयार करून दिला आहे. उघडला. छोट्या गावातली मुलगी, अंधारातून उजेडाकडे वगैरे, आणि कंदील परत आला होता.

मी तो आण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर काही नाही. रात्री आईचा फोन, म्हणाली तुझे आण्णा माळ्यावर चढलेत, कंदील शोधायला, तुला फोटो पाठवतो म्हणतात.