समुद्राची बाजू, डोंगराची बाजू

बार्सिलोनात पत्ता विचारला की डावं-उजवं सांगण्याऐवजी लोक म्हणतात, ‘समुद्राच्या बाजूचा कोपरा’ किंवा ‘डोंगराच्या बाजूचा’. एका अंगाला कोल्सेरोलाच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला भूमध्य समुद्र आणि मधलं सगळं शहर उतारावर वसलेलं. पहिले सहा महिने मी मेट्रोने फिरत होते, तेव्हा हे नुसतं ऐकून माहीत होतं. पायाखाली चार चाकं आली आणि तळपायांना ते कळलं.

मी नागपूरची. एकतिसाव्या वर्षी स्केटबोर्ड शिकले, त्याला आता दोन उन्हाळे झाले. उन्हाचं मला कौतुक कोणी सांगू नये, तोंडाला दुपट्टा गुंडाळून मे महिन्यात कॉलेज केलंय. पण इथला ऑगस्ट वेगळा आहे. पारा तिशीच्या थोडा वरच असतो, मात्र हवा इतकी दमट की मुंबईचा ऑक्टोबर आठवतो. रात्रीसुद्धा भिंती निवत नाहीत. पालिकेने ग्रंथालयं, संग्रहालयं, बागा ‘हवामान निवारे’ म्हणून जाहीर केल्या आहेत, तिथे कोणीही जाऊन गारव्याला बसावं. मला ही योजना फार आवडते. दुपार मी आमच्या ग्रंथालयात काढते आणि सातला बोर्ड घेऊन निघते. नऊच्या आसपासपर्यंत उजेड असतोच.

चालताना जमीन फारशी जाणवत नाही, बोर्डवर दुसरं काही जाणवतच नाही. इथले पदपथ वीस सेंटिमीटरच्या चौकोनी सिमेंटच्या फरश्यांचे. त्यांना ‘पानोत’ म्हणतात. त्यांवरची चार पाकळ्यांच्या फुलाची नक्षी तर शहराची खूणच झाली आहे. डोळ्याला सुंदर, पण चाकाखाली खडखडाट असा की दात वाजतात. पासेइच दे ग्रासिया या हमरस्त्यावर षटकोनी फरशी आहे, मुळात वास्तुकार गाउदीने आखलेली, समुद्री जीवांच्या आकृत्यांची. तिथे मी बोर्ड काखेत घेऊन चालते. त्या नक्षीवरून भरधाव जाणं मला बरं वाटत नाही. फिरण्यासाठी चाकं मऊ लागतात, ती धक्के पितात. टणक चाकं कसरती करणाऱ्यांची. मऊ चाकांनाही बारीक खडा मात्र चालत नाही. गेल्या जूनमध्ये एका वाटाण्याएवढ्या खड्याने चाक अडवलं आणि मनगट तीन आठवडे पट्ट्यात राहिलं. तेव्हापासून नजर पाच पावलं पुढे ठेवायची सवय लागली.

ऐशाम्प्ले हा माझा सगळ्यात लाडका भाग. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने 1859 मध्ये त्याचा आराखडा केला. इमारतींचे एकसारखे चौकोन, प्रत्येकाची बाजू सुमारे 113 मीटर आणि प्रत्येक कोपरा तिरका छाटलेला. त्यामुळे दर चौकात अचानक आभाळ मोकळं होतं आणि आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी आधीच दिसते. रस्ते त्याने उत्तर-दक्षिण न ठेवता तिरपे ठेवले, कारण प्रत्येक घराला ऊन मिळावं. ज्याने उन्हाचा एवढा विचार केला त्याच्यामुळे मला मात्र सावली मिळते. बहुतेक वेळी रस्त्याची एक बाजू सावलीत असतेच.

स्केटबोर्डवाल्यांची पंढरी म्हणजे रावाल वस्तीतला ‘माक्बा’ या कला संग्रहालयासमोरचा चौक. वास्तुकार रिचर्ड मायरने आखलेली त्याची पांढरीशुभ्र इमारत 1995 मध्ये उघडली. समोर गुळगुळीत दगडी पटांगण आणि लांबलचक कट्टे. बांधताना स्केटिंग कोणाच्या मनात नव्हतं, पण जगभरातली पोरं तिथे येऊ लागली. शेजारच्या घरांना रात्रीच्या आवाजाचा जाच होतो आणि त्यांची तक्रार रास्त आहे. मी स्वतः दहानंतर तिथे थांबत नाही. पण संध्याकाळी कट्ट्यावर बसावंच. एखादी मुलगी तासभर तीच उडी चुकत असते आणि मग एकदाची ती जमते. टाळ्या कोणी वाजवत नाही, सगळे आपापला बोर्ड जमिनीवर आपटतात. ठक-ठक-ठक. मला पहिल्यांदा साधं वळण जमलं तेव्हा एका अनोळखी मुलाने असाच बोर्ड आपटला होता. तो आवाज अजून कानात आहे.

रावालमध्ये पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानं पुष्कळ. कोपऱ्यावरचे एक चाचा मला ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणतात, लिंबूपाणी देतात आणि दरवेळी विचारतात, हेल्मेट कुठंय? ते पिशवीत असेल तर डोक्यावर चढेपर्यंत पैसे घेत नाहीत.

पंधरा ऑगस्टच्या सुमारास ग्रासिया वस्तीचा उत्सव असतो. तिथले रहिवासी आपापली गल्ली टाकाऊ वस्तूंनी सजवतात आणि गल्ल्यांमध्ये स्पर्धा लागते. आपल्याकडच्या मंडळांची आठवण न झाली तरच नवल. गर्दीत बोर्ड चालवणं अशक्य, म्हणून काखेत धरून चौकात पोचले तर समोर मानवी मनोरा! इथले कातालान, म्हणजे कातालोनिया प्रांताचे लोक त्याला ‘कास्तेल’ म्हणतात. अनवाणी पाय, कमरेला घट्ट गुंडाळलेला लांब काळा पट्टा. तो पाठीला आधार देतो आणि वर चढणाऱ्याच्या पायालाही. आपल्या गोविंदांसारखेच थर, पण वर हंडी नाही. सगळ्यात वरचं लेकरू एक हात उंच करतं, बस्स. आणि मनोरा सुखरूप उतरला तरच तो पुरा मानतात. उतरताना खालचे पाय कसे थरथरतात ते मी अगदी जवळून पाहिलं.

जवळून, कारण बुंध्याच्या गर्दीतल्या एका आजोबांनी मला खुणेने बोलावलं. मी बोर्ड भिंतीशी ठेवला. त्यांनी माझे हात धरून पुढच्या माणसाच्या पाठीवर टेकवले आणि ढकलून धरायला सांगितलं. माझ्या पाठीवरही कोणाचे तरी तळवे आले. वर बघायचं नाही, मान खाली. सनई-वजा ‘ग्राल्या’ची धून वाजत होती, त्या धुनीवरून वर कुठवर पोचलेत ते जाणत्यांना कळत होतं. मला फक्त पाठींवरून येणारं वजन कळत होतं. ते वाढत गेलं, थांबलं, मग हळूहळू कमी झालं. शर्ट पिळून काढावा इतका घाम आला होता. आजोबांनी माझा खांदा थोपटला आणि बोर्ड भिंतीपासून उचलून माझ्या हातात दिला.

ग्रासियापासून माझं घर समुद्राच्या बाजूला, म्हणजे बहुतेक उतारच. साडेअकरा वाजले होते, सायकलची पट्टी मोकळी होती. पहिल्या दोन चौकांत पायाने रेटा दिला, पुढे गरज पडली नाही. तिरक्या कोपऱ्यांवर हॉटेलांची टेबलं अजून भरलेली होती, खालून किंचित खारा वारा येत होता.